हिवाळी ऊर्जाखर्च आणि शासकीय साहाय्य : खडकवासला परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांना इंधन व वीज यांच्या खर्चासाठी शासनाने साहाय्य करावे, हे तत्त्व आज जवळजवळ सर्वमान्य झाले आहे. मतभेद उरतात ते साहाय्य कोणत्या गरजेसाठी, कोणत्या मोसमात आणि कोणाच्या नावे द्यावयाचे, याविषयी. ब्रिटनमधील अभ्यासक ब्रेंडा बोर्डमन यांनी १९९१ साली इंधन-दारिद्र्य या विषयावर ग्रंथ लिहून, उत्पन्नाच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घर पुरेसे उबदार ठेवण्यासाठी व अन्य ऊर्जागरजांसाठी खर्च करावी लागणारे कुटुंब हे इंधन-दरिद्री होय, अशी कसोटी मांडली. ही कसोटी बर्फाळ हिवाळ्याच्या देशातील आहे. महाराष्ट्रात घर तापविण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. त्यामुळे हिवाळ्याचा म्हणून वेगळा ऊर्जाखर्च येथे नसतोच, असे गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा करावयाची आहे.

त्यासाठी खडकवासला परिसराचा संदर्भ घेतला आहे. मुठा नदीवरील एकोणिसाव्या शतकातील धरण, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आणि केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र यांमुळे हे गाव सर्वपरिचित आहे. हवेली तालुक्यातील हे गाव जून २०२१ मध्ये तेवीस गावांच्या समावेशाबरोबर पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. एका बाजूला सिंहगड रस्त्यालगतची गृहसंकुले, दुसऱ्या बाजूला जुने गावठाण आणि त्यांच्यामध्ये भाड्याच्या खोल्यांतून राहणारा मजूरवर्ग, अशी येथील वस्तीची रचना आहे. चूल, गॅस, वीज आणि सौर ऊर्जा ही चारही साधने एकाच परिसरात शेजारी शेजारी नांदत असल्यामुळे साहाय्याच्या धोरणाची परीक्षा येथे चांगली होऊ शकते.

अंघोळीच्या पाण्याचा हिशेब

डिसेंबर व जानेवारी या महिन्यांत पुण्याचे पहाटेचे तापमान अनेकदा दहा-बारा अंशांपर्यंत, काही वेळा त्याहूनही खाली उतरते. धरणाचा जलाशय व सिंहगडाच्या डोंगररांगा यांच्या सान्निध्यामुळे खडकवासल्याचा गारठा शहराच्या मध्यभागापेक्षा अधिक जाणवतो. या दिवसांत कुटुंबाची जी ऊर्जागरज वाढते ती अंघोळीच्या पाण्याची होय. दिवाळीच्या अभ्यंगस्नानापासून महाशिवरात्रीपर्यंतचा काळ सुमारे चार महिन्यांचा भरतो. पुण्याच्या वाड्यांतून तांब्याचा बंब हे घरातील मानाचे भांडे होते आणि त्यासाठी लाकडाच्या वखारीतून ढलप्या आणणे हे हिवाळ्याच्या बेगमीचे काम असे. बंब गेला, तरी गरज गेली नाही. तान्हे मूल, वृद्ध माणूस आणि बाळंतीण ज्या घरात आहे, तेथे ऊन पाण्याला चैन म्हणता येत नाही.

ही गरज किती मोठी आहे, हे साध्या गणिताने पाहता येते. वीस लिटरची एक बादली अठरा अंशांवरून चाळीस अंशांपर्यंत तापविण्यास ४४० किलोकॅलरी उष्णता लागते. विजेच्या भाषेत ही सुमारे अर्धे युनिट होय. गॅसची उष्णता किलोमागे सुमारे ११,००० किलोकॅलरी आणि शेगडीची कार्यक्षमता ६४ टक्के धरल्यास त्याच बादलीस सुमारे ६२ ग्रॅम गॅस लागतो. चार माणसांच्या कुटुंबात माणशी एक बादली म्हटली, तर दररोज दोन युनिट वीज किंवा पाव किलो गॅस खर्ची पडतो. १२० दिवसांच्या हिवाळ्यात हा आकडा सुमारे २४५ युनिट अथवा ३० किलो गॅस, म्हणजे १४.२ किलोच्या दोन सिलिंडरांहून थोडा अधिक, इतका होतो. प्रत्यक्षात भांड्यातून व हवेत वाया जाणारी उष्णता धरली, तर खर्च याहून वाढतो. गरीब कुटुंब बादलीऐवजी अर्ध्या बादलीवर भागविते, दिवसाआड अंघोळ करते किंवा सरपणाकडे वळते, म्हणूनच तो प्रत्यक्षात कमी दिसतो. पाणी पुरले नाही, तर सर्वांत शेवटी थंड पाण्याने अंघोळ करणारी व्यक्ती बहुधा घरातील स्त्री असते. ही काटकसर कोणत्याही बिलावर उमटत नाही.

रॉकेलपासून सिलिंडरपर्यंत

महाराष्ट्रात घरगुती ऊर्जेसाठीचे साहाय्य दीर्घकाळ शिधापत्रिकेवरील रॉकेलच्या रूपाने पोहोचत होते. १ मे १९९९ पासून राज्यात पिवळी, केशरी व पांढरी अशी तिहेरी शिधापत्रिकांची पद्धत सुरू झाली. गॅसजोडणी मिळालेल्या कुटुंबाच्या शिधापत्रिकेवर शिक्का बसे आणि त्याच्या रॉकेलच्या कोट्यास कात्री लागे. रॉकेल हे स्वयंपाकाचे व दिव्याचे इंधन आहे आणि गॅस व वीज आली की त्याची गरज संपते, असा विचार या व्यवस्थेमागे होता. स्टोव्हवर तापणारे पहाटेचे पाणी या विचारात कोठेही बसत नव्हते. जुलै २०१६ पासून रेशनच्या रॉकेलचा दर पंधरवड्याला २५ पैशांनी वाढवीत नेण्यात आला आणि मार्च २०२० पर्यंत त्यावरील अनुदान संपुष्टात आले.

अनुदान संपविण्यास सबळ कारणे होती, हे येथे नमूद करणे न्याय्य ठरेल. स्वस्त रॉकेल डिझेलच्या भेसळीसाठी वळविले जात असे. मनमाडजवळ २५ जानेवारी २०११ रोजी अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळ रोखण्याच्या प्रयत्नात जिवंत जाळण्यात आले. इंधनाच्या दरात सवलत दिली की दोन दर निर्माण होतात आणि दोन दरांतील अंतर काळ्या बाजारास पोसते, हा धडा महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे.

त्यानंतर साहाय्याचा भर गॅसवर आला. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेचा प्रारंभ झाला. प्रत्येक जोडणीमागे १,६०० रुपयांचे साहाय्य देण्यात आले आणि आठ कोटींचा टप्पा गाठणारी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातच, तेव्हाच्या औरंगाबाद येथे प्रदान करण्यात आली. या योजनेने धुरापासून मुक्ती दिली हे तिचे यश नाकारता येणार नाही. तथापि जोडणी मिळणे आणि सिलिंडर पुन्हा भरून घेणे या भिन्न गोष्टी आहेत. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या २०१९ च्या अहवालानुसार ३१ डिसेंबर २०१८ रोजी उज्ज्वला लाभार्थ्यांचा सरासरी वापर वर्षाला ३.२१ सिलिंडर इतकाच होता. मे २०२२ पासून प्रतिसिलिंडर २०० रुपये व ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये अनुदान दिले गेल्यावर २०२४-२५ मध्ये ही सरासरी ४.४७ पर्यंत गेली.

या आकड्याकडे हिवाळ्याच्या दृष्टीने पाहावयास हवे. ४.४७ सिलिंडर म्हणजे वर्षाला सुमारे ६३ किलो गॅस. वर काढलेल्या हिशेबानुसार केवळ चार महिन्यांच्या अंघोळीस ३० किलो लागतो. सरासरी लाभार्थी कुटुंबाने अंघोळीचे पाणी गॅसवर तापविले, तर वर्षभराच्या गॅसपैकी जवळजवळ निम्मा त्यातच संपेल. म्हणूनच ते तसे करीत नाही. स्वयंपाकघरात गॅस आणि अंगणात तीन दगडांची चूल, ही व्यवस्था अनेकदा सवयीचा किंवा अज्ञानाचा भाग मानली जाते. वस्तुतः ती अतिशय हिशेबी अशी व्यवस्था आहे.

राज्य शासनाने ३० जुलै २०२४ च्या शासन निर्णयान्वये मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना जाहीर केली. उज्ज्वला योजनेच्या तसेच मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेस पात्र असलेल्या कुटुंबांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत भरून देण्याची ही योजना होय. योजनेचे नाव ‘अन्नपूर्णा’ आहे आणि तिचा आशय त्या नावातच सामावला आहे. घराची ऊर्जा म्हणजे अन्नाची ऊर्जा, हे समीकरण तेथे पूर्ण होते. निर्णयातील अटीही बोलक्या आहेत. जोडणी स्त्रीच्या नावे हवी, एका शिधापत्रिकेवर एकच लाभार्थी, १४.२ किलोचाच सिलिंडर आणि एका महिन्यात एकाहून अधिक सिलिंडरसाठी अनुदान नाही. स्वयंपाकास दीड महिन्याला एक सिलिंडर लागतो असे धरले, तर हिवाळ्यात पाण्यासह तेच कुटुंब महिन्याला एकाहून अधिक सिलिंडर वापरील. म्हणजे गरज वाढते नेमक्या त्याच महिन्यांत ही अट आडवी येते. शिवाय सिलिंडरची पूर्ण रक्कम आधी भरावी लागते आणि अनुदान मागाहून खात्यात जमा होते. सरासरी ८३० रुपये बाजारदर धरून योजना आखली गेली. रोजंदारीवरील मजुराला एवढी रक्कम एकदम काढणे जड जाते. उज्ज्वला योजनेत पाच किलोचा लहान सिलिंडर घेण्याचा पर्याय आहे, परंतु राज्याच्या मोफत सिलिंडरांच्या अटीत त्याला जागा ठेवलेली नाही.

विजेची जीवनरेषा

गॅस परवडत नाही तेव्हा भाड्याच्या खोलीत विजेचा रॉड येतो. तो स्वस्त असतो, जागा व्यापत नाही आणि भाडेकरूला खोली बदलताना पिशवीत घालून नेता येतो. उघड्या पाण्यात सोडलेला रॉड धोक्याचा असतो, हे ठाऊक असूनही तो वापरला जातो.

राष्ट्रीय वीज धोरण, २००५ यात प्रत्येक कुटुंबास दररोज किमान एक युनिट ही जीवनरेषा मानण्यात आली. २००६ च्या दरधोरणात दारिद्र्यरेषेखालील व महिन्याला सुमारे ३० युनिटांपर्यंत वापर असणाऱ्या ग्राहकांना विशेष सवलतीची तरतूद झाली. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या दर आदेशांत या ग्राहकांचा स्वतंत्र वर्ग दिसतो व त्यासाठी मागील आर्थिक वर्षातील ३६० युनिटांची वार्षिक मर्यादा आढळते. मंजूर भाराची मर्यादाही एक किलोवॉटच्या पुष्कळ खाली आहे. बाजारात मिळणारा रॉड मात्र एक किंवा दीड किलोवॉटचा असतो. तो जोडताक्षणीच हे कुटुंब सवलतीमागील कल्पनेच्या बाहेर पडते.

दररोज एक युनिट म्हणजे दोन बादल्या ऊन पाणी. जीवनरेषा ठरविताना दिवा व पंखा डोळ्यांपुढे होते, अंघोळ नव्हती. चार महिन्यांत रॉडने २४५ युनिट घेतले की वर्षाच्या दिव्यांना व पंख्यांना ११५ युनिट उरतात. मर्यादा ओलांडली की आर्थिक वर्ष संपल्यावर ग्राहकाचा वर्ग बदलतो आणि तो बदल पुढील एप्रिलपासून लागू होतो. पौष-माघात वापरलेल्या ऊन पाण्याची किंमत चैत्र-वैशाखातील बिलात चुकती करावी लागते. हिवाळ्यात पंखे बंद असल्याने एकूण बिल फारसे वाढत नाही, असे यावर म्हणता येईल. त्यात तथ्य आहे. परंतु ७५ वॉटचा पंखा दहा तास चालला तरी पाऊण युनिट लागते आणि रॉडला दोन. वजाबाकी करूनही गरीब कुटुंबाचा हिवाळा उन्हाळ्यापेक्षा महागच ठरतो.

भाडेकरूची अडचण आणखी वेगळी आहे. अनेक खोल्यांना मिळून एकच मीटर असेल, तर सर्वांचा वापर एकत्र मोजला जाऊन वरच्या दराच्या टप्प्यात जातो. सवलत मीटरधारकाच्या नावाशी बांधलेली असल्यामुळे मीटर नसलेल्याला ती लागू होण्याचा प्रश्नच येत नाही. उज्ज्वला योजनेच्या ऑगस्ट २०२१ मधील दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबांना पत्त्यासाठी स्वयंघोषणापत्राची मुभा मिळाली. विजेच्या बाबतीत अशी सोय झालेली नाही.

छपराची अट

अंघोळीच्या पाण्यासाठी शासनाने कधीच साहाय्य केले नाही, असे मात्र नाही. सौर जलतापकांच्या प्रसारात पुणे हे देशातील अग्रगण्य शहरांपैकी एक मानले जाते. सौर ऊर्जा, पर्जन्यजल संधारण व गांडूळखत यांसारख्या उपक्रमांसाठी पुणे महानगरपालिकेने मिळकतकरात पाच ते दहा टक्के सवलत दिली. २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सौर अभियानातून सौर जलतापकांच्या खरेदीस ३० टक्के भांडवली अनुदान मिळत होते. ते २०१४ मध्ये थांबले. फेब्रुवारी २०२४ मधील प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत एक किलोवॉटच्या सौर संचास ३०,००० रुपये व तीन किलोवॉट वा त्याहून मोठ्या संचास ७८,००० रुपये अनुदान ठरविण्यात आले.

या साहाय्याचा पर्यावरणीय हेतू निर्विवाद चांगला आहे. परंतु ते मिळविण्यास स्वतःचे छप्पर किंवा गृहसंस्थेच्या गच्चीत वाटा हवा आणि करसवलतीसाठी मिळकतही हवी. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या भाडेकरूजवळ यांपैकी काहीच नसते. परिणामी एकाच रस्त्यावर सदनिकेत राहणाऱ्याच्या ऊन पाण्यास करसवलतीचा हातभार लागतो आणि शेजारच्या चाळीतील मजुराच्या ऊन पाण्याची दखल कोणतीही योजना घेत नाही. हिवाळी ऊर्जेसाठीचे साहाय्य येथे अस्तित्वात आहे, ते वरच्या मजल्यावर पोहोचले आहे, असे म्हणावे लागते.

गणनेतील अनुल्लेख

एखादी गरज धोरणात का येत नाही, याचे उत्तर बहुधा ती मोजली जाते की नाही, यात सापडते. २०११ च्या जनगणनेच्या घरयादीत दिव्याचे साधन व स्वयंपाकाचे इंधन विचारण्यात आले. आवारात न्हाणीघर आहे काय, तेही विचारण्यात आले. त्या न्हाणीघरात येणारे पाणी कशावर तापते, हा प्रश्न मात्र नव्हता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या व पाचव्या फेरीदरम्यान देशातील स्वच्छ इंधन वापरणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण ४३.८ टक्क्यांवरून ५८.६ टक्क्यांवर गेले. हे प्रमाणही स्वयंपाकाच्या इंधनाचे आहे. अंगणातील चुलीवर पाणी तापविणारे कुटुंब या कोष्टकात स्वच्छ इंधनाच्या रकान्यात बसते. धूर राहतो आणि आकडा सुधारतो.

परदेशातील दोन दाखले

अमेरिकेत १९८१ च्या कायद्याने कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना ऊर्जाखर्चासाठी साहाय्य सुरू झाले. केंद्राचा निधी राज्यांना मिळतो आणि स्थानिक हवामानानुसार तो गरम अथवा थंड करण्याच्या खर्चासाठी वापरता येतो. ब्रिटनमध्ये १९९७ पासून वृद्धांच्या कुटुंबांना हिवाळ्यासाठी ठरावीक रक्कम देण्यात येऊ लागली. ती सर्वांना द्यावी की गरजूंना, हा वाद तेथे अजून शमलेला नाही. २०२४ मध्ये ती केवळ निवृत्तिवेतन-साहाय्य घेणाऱ्या वृद्धांपुरती मर्यादित करण्यात आली आणि टीका झाल्यावर २०२५ मध्ये वार्षिक ३५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असणाऱ्या वृद्धांसाठी पुन्हा खुली झाली. या व्यवस्था जशाच्या तशा येथे आणण्याजोग्या नाहीत. त्यांतून घेण्यासारखा विचार एवढाच की, तेथे साहाय्य मोसमाशी बांधलेले आहे. कुटुंब कोणते इंधन जाळते हा प्रश्न मागाहून येतो.

आक्षेपांचा विचार

यावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, स्वयंपाकाचा धूर बंद खोलीत कोंडतो व तोच अधिक घातक असल्यामुळे प्राधान्य त्यालाच हवे. हे मान्य करावयास हवे. पण पाण्याची चूल पेटती राहिली, तर स्वयंपाकही तिच्यावर परतण्याची वाट मोकळी राहते. दुसरा आक्षेप तिजोरीवरील भाराचा. वर्षाला तीन सिलिंडर देण्याचा निर्णय झालेलाच आहे. त्यांपैकी दोन हिवाळ्यात मिळतील अशी तजवीज केल्यास एकूण संख्या वाढत नाही. तिसरा आक्षेप गैरवापराचा. रॉकेलचा अनुभव पाहता तो गंभीर आहे. म्हणूनच स्वस्त इंधनाऐवजी बँक खात्यात मोसमी रक्कम देणे अधिक सुरक्षित ठरेल, कारण त्यात बाजारातील दर एकच राहतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, घरगुती ऊर्जेच्या साहाय्याची आखणी आजवर इंधनाच्या प्रकारावर व स्वयंपाकघर आणि दिवा या दोन उपयोगांवर बेतलेली आहे. हिवाळ्यातील ऊन पाणी ही गरीब कुटुंबाची मोठी व अपरिहार्य गरज तिच्यातून निसटते. ज्यांच्याकडे छप्पर आहे त्यांच्यापुरतीच ती मान्य होते. यावर काही उपाय अल्प खर्चात शक्य आहेत. मोफत सिलिंडरांसाठी मासिक मर्यादा नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात शिथिल करावी व पाच किलोच्या सिलिंडरलाही मान्यता द्यावी. विजेच्या सवलतीची पात्रता ठरविताना हिवाळ्यातील वाढीव वापर वगळावा. भाडेकरूंना स्वयंघोषणापत्रावर उपमीटर मिळण्याची सोय करावी. महानगरपालिकेने नव्याने समाविष्ट गावांतील चाळींसाठी सामुदायिक सौर जलतापकांचा प्रयोग करावा आणि पुढील जनगणनेत व सर्वेक्षणांत पाणी तापविण्याच्या साधनाचा एक प्रश्न घालावा.

यांपैकी शेवटची सूचना सर्वांत कमी खर्चाची आहे आणि तिच्यावाचून बाकीच्या सूचनांना आधार मिळणार नाही. खडकवासल्याचे पाणी पुणे शहराला पिढ्यान्‌पिढ्या पुरले आहे. त्याच काठावर पहाटे एक बादली तापविण्यासाठी कोणत्या घरात काय जळते, याची नोंद शासनाच्या कोणत्याही नित्य गणनेत होत नाही.